‘सर, खरी शिवसेना कोणती?’

लेखमाला : शाळा, शिक्षक आणि संविधान – भाग चौथा

दहावीच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या पाठ्यपुस्तकात ‘राजकीय पक्ष’ नावाचं एक प्रकरण आहे. २०१८ साली हे पुस्तक वर्गात आलं, तेव्हा शिवसेना एक होती आणि राष्ट्रवादी काँग्रेसही एकच. २०२२च्या जूनमध्ये पहिली फुटली, २०२३च्या जुलैत दुसरी. मुलं घरी बातम्या बघतात, थोरांचे वाद ऐकतात आणि वर्गात हात वर करून विचारतात, ‘सर, खरी शिवसेना कोणती?’

‘हे परीक्षेला येत नाही, पुढचा मुद्दा घ्या,’ असं म्हणून सुटका करून घेणं सगळ्यात सोपं. नोकरी सांभाळणाऱ्या शिक्षकाला तेच शहाणपणाचंही वाटतं. पण नियम त्याला खरंच गप्प बसायला सांगतात का?

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७चे जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत, तर सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम. १९७९च्या नियमांतला पाचवा नियम स्पष्ट आहे. पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, प्रचार करायचा नाही. मत जरूर द्यायचं, पण कोणाला दिलं किंवा देणार, हे सांगायचं नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजेसुद्धा आपलं वजन वापरणं, असं हा नियम मानतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३४अ त्याहून कडक आहे. सरकारी नोकरीतल्या माणसानं उमेदवाराचा मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम केलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

या कडकपणाला व्यावहारिक कारण आहे. मतदानाच्या दिवशी शाळेची खोली मतदान केंद्र होते आणि गुरुजी तिथले केंद्राध्यक्ष. कालपर्यंत एका पक्षाची पत्रकं वाटणाऱ्या माणसाच्या हाती गावानं मतदान यंत्र कसं सोपवायचं?

व्यवस्थेत विसंगतीही आहे. राज्यघटनेच्या कलम १७१नुसार विधान परिषदेत शिक्षकांचे स्वतंत्र मतदारसंघ असतात. महाराष्ट्रात ते सात आहेत आणि तिथल्या निवडणुका पक्ष हिरिरीनं लढवतात. मतदार मात्र माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतले शिक्षक. पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या बाई या मतदार यादीत नसतात.

राजकारणात उघडपणे उतरायचं असेल, तर जुना रस्ता साने गुरुजींचा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४पासून शिकवत होते. १९३० साली त्यांनी नोकरी सोडली आणि मग सविनय कायदेभंगात उडी घेतली.

हे सगळे निर्बंध पक्षकार्यावर आहेत. राजकारण हा विषय समजावून सांगायला त्यांत मनाई नाही. ती असती, तर दहावीचं ते प्रकरण शिकवणंच नियमभंग ठरलं असतं. प्रश्न उरतो तो पद्धतीचा. त्यासाठी जर्मनीतल्या एका तोडग्याकडे पाहण्यासारखं आहे.

१९७०च्या दशकात पश्चिम जर्मनीत नागरिकशास्त्राच्या अभ्यासक्रमावरून उजव्या आणि डाव्या पक्षांची जुंपली होती. १९७६ साली स्टुटगार्टजवळच्या बॉयटेल्सबाख या छोट्या गावात दोन्हींकडचे अभ्यासक एकत्र बसले. ठराव नाही, मतदान नाही. हान्स-गेऑर्ग वेलिंग यांनी चर्चेतले सहमतीचे तीन मुद्दे नंतर टिपून काढले आणि तेच ‘बॉयटेल्सबाख सहमती’ म्हणून रूढ झाले. पहिला मुद्दा : शिक्षकानं आपलं मत मुलांवर लादू नये. दुसरा : समाजात ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावं. तिसरा : एखाद्या राजकीय परिस्थितीत आपलं हित कशात आहे, हे तपासण्याची कुवत विद्यार्थ्यात यावी.

ही कसोटी आपल्या वर्गात लावून पाहू. शिवसेनेच्या प्रश्नावर शिक्षक ‘माझ्या मते’ अशी सुरुवात करत नाही. तो १९६८चा निवडणूक चिन्हं आदेश आणि त्यातला पंधरावा परिच्छेद सांगतो : पक्ष फुटला तर नाव आणि चिन्ह कोणाचं, हे निवडणूक आयोग ठरवतो. आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘राष्ट्रवादी’चं नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेलं. दोन्ही निर्णयांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. आयोगानं कोणते निकष लावले आणि विरोधी बाजूचा आक्षेप काय, हे दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहिता येतं. ‘खरी’ कोणती, हे मुलांनी वाद घालून ठरवावं. यात शिक्षकानं एकही नियम मोडलेला नाही आणि मुलांना चिन्हाचा कायदा कळला आहे.

तटस्थतेलाही मर्यादा आहे. अस्पृश्यता घटनेच्या कलम १७नं संपवली. तिथे ‘दोन्ही बाजू’ मांडणं ही तटस्थता नव्हे, कर्तव्यात कसूर आहे. जातीवरून मुलांना वेगळं बसवण्याच्या बाजूनं वर्गात युक्तिवाद होऊ शकत नाही.

उलट, तटस्थतेचं नाव घेऊन शिक्षकाला मुकं करण्याचे प्रयत्नही होतात. २०१८ साली हॅम्बुर्गमध्ये ‘एएफडी’ या उजव्या पक्षानं एक संकेतस्थळ उघडलं आणि पक्षाविरुद्ध बोलणाऱ्या शिक्षकांच्या तक्रारी तिथे मागवल्या. शिक्षक संघटनांनी त्याला चुगलखोरी म्हणत विरोध केला. आपल्याकडे असं संकेतस्थळ लागत नाही. वर्गातल्या एका वाक्याची चित्रफीत गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली की पुरते.

म्हणूनच पालकांना एक विनंती. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. राजकारण शिकवल्याची तक्रार समितीपुढे आली, तर आधी विचारा : शिक्षकानं एकच बाजू मांडली का? मुलाला वेगळं मत मांडू दिलं का? उत्तरं समाधानकारक असतील, तर समितीनं शिक्षकाच्या पाठीशी उभं राहावं.

(पुढील भागात : निवडणुकीची कामं आणि शिकवण्याचे बुडणारे तास)