सुटू शकणारा सांधा

मिरजेचा तंबोरा हे मुळात जोडकाम आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत वाढलेला, वाळवून पोकळ केलेला भोपळा. त्याच्या तोंडावर लाकडी तबली, वर गळा आणि गळ्यातून निघालेली लांब दांडी. तार छेडल्यावर हे सगळं एकजीव होऊन बोललं पाहिजे. सांधा सैल राहिला की आस, म्हणजे स्वराचं रेंगाळणं, कमी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथे वाद्यं घडवायला सुरुवात केली. पुढे त्यांचे वंशज सितारमेकर म्हणूनच ओळखले जाऊ लागले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या कलेचं कौतुक करताना जवारीबद्दल, म्हणजे तारेला गुंजन देणाऱ्या घोडीच्या घडणीबद्दल, आणि नक्षीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. सांध्यातल्या केसभर जाडीच्या थराकडे मात्र दुर्लक्ष होतं. पारंपरिक वाद्यकामात तो थर सरसाचा असतो, आणि मला त्यातलं विज्ञान जवारीइतकंच देखणं वाटतं.

सरस जनावरांची कातडी आणि हाडं पाण्यात शिजवून काढतात. त्यांत कोलॅजेन हे प्रथिन असतं, तीन पेडांच्या दोरीसारखं पिळलेलं. उष्णतेने हा पीळ उलगडतो, लांब साखळ्या मोकळ्या होतात आणि पाण्यात मिसळतात. वाळलेला सरस आधी भिजवायचा, मग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. थेट विस्तवावर खदखदू दिला तर साखळ्याच तुटतात आणि पकड जाते.

पण चिकटतं म्हणजे नेमकं काय होतं? रंधा मारलेली दोन लाकडं हाताला गुळगुळीत लागली, तरी सूक्ष्म पातळीवर ती डोंगरदऱ्यांनी भरलेली असतात आणि एकमेकांना मोजक्या शिखरांवरच टेकतात. रेणूंमधलं आकर्षण तर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या अंतरापलीकडे जवळपास संपतं. म्हणून चिकटवणारा पदार्थ आधी पातळ हवा, दऱ्याखोऱ्यांत पसरणारा, पृष्ठभाग ओला करणारा. कपाटाच्या लाकडाला घट्ट धरणारा डिंक प्लास्टिकच्या पिशवीवरून मात्र सोलून निघतो, कारण तिथे तो नीट पसरतच नाही. पसरल्यावर त्याने घट्टही व्हायला हवं, नाहीतर सांधा घसरेल. दोन ओल्या काचा ओढून सुटत नाहीत, पण सरकवल्या की सहज सरकतात. पाण्याला पहिली गोष्ट जमते, दुसरी नाही. सरसाला दोन्ही जमतात. निवताच त्याची थलथलीत जेली होते, मग पाणी लाकडात शिरून उडून जातं, थर आकसतो आणि लाकडांना आणखी जवळ खेचतो. प्रथिनाच्या साखळ्या आणि लाकडातलं सेल्युलोज यांच्यामध्ये असंख्य हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध दुबळा, पण सगळे मिळून तारांचा रात्रंदिवस असणारा ताण पेलतात.

हीच विद्या साताऱ्याच्या माण तालुक्यात आणि सांगलीच्या आटपाडीकडे वेगळ्या रूपात दिसते. घोंगडी विणणारे सणगर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके कुटून, दळून, शिजवून केलेल्या या खळीत शर्करेच्या लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या असतात; शास्त्रात त्यांना झायलोग्लुकन म्हणतात. सुतावर त्यांचा पातळ पापुद्रा धरतो, सुटे केस आत दबतात आणि मागावर धागा घासून तुटत नाही. सरस प्राण्यापासून, खळ झाडापासून, पण दोन्हीकडे लांब साखळ्या, पाणी आणि वाळणं हेच सूत्र आहे.

मेणाची गोष्ट निराळी. कुंकवाखाली लावायचं मधमाश्यांचं मेण वाळावं लागत नाही. ते मऊच राहतं, बोटाच्या दाबाने त्वचेच्या रेषांत बसतं आणि कुंकवाची भुकटी धरून ठेवतं. आजच्या टिकलीमागचा चिकट थर याच तत्त्वावर, फक्त कारखान्यात बनवलेला.

१९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला आणि सुतारांची सरस तापवण्याची, त्याचा वास सोसण्याची कटकट गेली. हा पांढरा डिंक म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे बारीक कण. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो. टेबलखुर्चीसाठी तो उत्तमच. पण हे पॉलिमर साधारण ३० ते ४० अंशांच्या आसपास कडकपणा सोडू लागतं, आणि मिरजेचा एप्रिल-मे त्याच तापमानाचा. सतत ताणाखालचा सांधा अशा उन्हाळ्यात कणाकणाने सरकू शकतो. वाळलेला सरस काचेसारखा कडक राहतो. त्याचा शत्रू दुसरा: पावसाळ्यातला दमटपणा. दोन नळ्यांतला माल मिसळून लावायचा इपॉक्सी दोन्हींना दाद देत नाही, कारण त्याच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी कायमच्या बांधल्या जातात.

कायमचं हेच वाद्याच्या दृष्टीने संकट ठरू शकतं. भोपळा नाजूक, प्रवासात धक्का लागला की तडकतो. तबली उतरवून आतून दुरुस्ती करायची, तर सांधा सुटायला हवा. सरसाचा सांधा उष्णता आणि ओलावा दिला की मऊ होतो, पातळ पाते सरकवून मोकळा करता येतो आणि स्वच्छ करून नवा सरस लावला की पुन्हा धरतो. इपॉक्सी लावलेली तबली काढताना बहुतेकदा लाकूडच फाटतं. वाद्य पिढ्यानपिढ्या वापरायचं असेल, तर सुटू शकणारा सांधा हा दोष नाही, गुण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात जुना तंबोरा असेल आणि सांधा उकलला असेल, तर हाताशी असलेली नळी पिळू नये. सांध्याबाहेर ओघळून वाळलेला डिंकाचा कण सापडला, तर तो खरवडून कोमट पाण्यात टाकावा. फुगून चिकट, बुळबुळीत झाला तर सरस. पांढरट आणि रबरासारखा झाला तर फेविकॉलच्या जातीचा. काहीच झालं नाही तर इपॉक्सी असण्याचा संभव. एवढी माहिती घेऊन कारागिराकडे गेलं, तर जुना थर कशाने काढायचा हे त्याला आधीच कळतं. जुन्या फेविकॉलवर सरस धरत नाही, म्हणून तो लाकडापर्यंत खरवडावाच लागतो.