गोळीमागची गोष्ट (भाग ९) : वाइन धरायची का?

"दारू घेता का?" या प्रश्नाला नाशकात हमखास एक उत्तर मिळतं : "छे, दारू नाही. वाइन, तीही कधीतरी." गंगापूर धरणाच्या बाजूला सूर्यास्त बघत रिकामा केलेला ग्लास किंवा मुंबईचे पाहुणे येणार म्हणून दिंडोरीकडून आणून ठेवलेली बाटली आपल्याकडे दारूच्या खात्यात पडतच नाही. यात नवल नाही. द्राक्ष आपलं, कारखाना आपला. १९९९ मध्ये सुला उभी राहिली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झाला. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे राजकारण्यांच्या तोंडूनही ऐकायला मिळालं. त्या वादात मी पडत नाही. बागाईतदाराच्या हाती दोन पैसे जास्त पडले तर आनंदच आहे. यकृताच्या वहीत मात्र द्राक्षाची आणि मळीची असे वेगळे रकाने नसतात.

आधी हिशोब करू. साडेसातशे मिलीची वाइनची बाटली, साडेबारा टक्के अल्कोहोल धरा : शुद्ध अल्कोहोल झालं ९४ मिली. व्हिस्कीची क्वार्टर, १८० मिली, ४२.८ टक्के : ७७ मिली. म्हणजे 'सोज्वळ' बाटली 'बदनाम' क्वार्टरला मागे टाकते. नवराबायकोने ती निम्मी-निम्मी संपवली, तर प्रत्येकाच्या पोटात ३० मिलीचे साडेतीन पेग गेले. हा आकडा ऐकून लोक वरमतात, क्वचित चिडतातही.

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं, की नैराश्याची गोळी लागू पडायला काही आठवडे लागतात. लोक चुकतात ते याच काळात. मन अजून जड असतं, झोप नसते आणि एका ग्लासाने तासाभरासाठी हलकं वाटतं. पहिला तास खराच असतो. पण अल्कोहोल मेंदूला मंद करणारा पदार्थ आहे. त्याने झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला मोडते. मग छताकडे बघत पडायचं, छातीत धडधड, सगळं व्यर्थ वाटणं. म्हणजे ज्या तक्रारीवर औषध चालू, तीच परत. पेशंट म्हणतो, "गोळीचा काही उपयोग नाही." डॉक्टर डोस वाढवतात. वाइनचं नाव दोघांपैकी कोणीच काढत नाही.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालीन चालू असताना कोणी एक ग्लास घेतला, तर बहुतेक वेळा नाट्यमय असं काही घडत नाही. लोक निर्धास्त होतात ते यामुळेच. या गोळ्या घेताना मद्य टाळावं असंच औषधाच्या माहितीपत्रकात असतं, पण ते उलगडून वाचतं कोण!

खरा घोटाळा होतो तो जोडगोळीने. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास मिळतात. पेशंटच्या दृष्टीने ती 'टेन्शनची गोळी', एकच. पण त्यातलं क्लोनाझेपाम हे झोप आणणारं, गुंगीचं औषध आहे. अल्कोहोलही मेंदूतल्या त्याच ब्रेकवर पाय देतं. दोन पाय पडले, की बोलणं जडावतं, तोल जातो, रात्री काय केलं ते सकाळी आठवत नाही आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. क्लोनाझेपाम शरीरातून निम्मं व्हायलाच ३० ते ४० तास लागतात. काल रात्रीच्या गोळीतला अर्ध्याहून जास्त भाग आज संध्याकाळी, ग्लास उचलताना, अंगात असतोच. त्यावर दोन ग्लास घेऊन गंगापूर रोडने गाडी चालवत परतणाऱ्याला वाटतं, आज कमीच घेतली होती. तेव्हा आपली स्ट्रिप उलटी करून मागची नावं वाचा. दोन नावं दिसली तर मेडिकलवाल्याला विचारा, दुसरं कशासाठी आहे.

काहींना तर आपण नैराश्यावरची गोळी घेतो हेच माहीत नसतं. अर्धशिशीसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन, मधुमेहाने तळपाय जळतात म्हणून ड्युलोक्सेटीन. "मला कुठे डिप्रेशन आहे?" खरंय, नाही. पण पहिलीची गुंगी दारूने वाढते, आणि नेहमी भरपूर पिणाऱ्याच्या यकृताला दुसरी धोकादायक ठरू शकते. तंबाखू सुटावी म्हणून दिल्या जाणाऱ्या ब्युप्रोपिऑनचं वेगळंच : त्याने फिट येण्याची शक्यता वाढते, आणि रोज पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर आणखी.

आता नाशिककरांची लाडकी युक्ती. शनिवारी 'बसायचं' आहे ना, मग शनिवारची गोळी टाळायची. हिशोब चोख वाटतो, पण चुकीचा आहे. एस्सिटालोप्रॅम निम्मं व्हायला साधारण ३० तास घेतं. एक गोळी चुकवून ते शरीराबाहेर जात नाही. फ्लुओक्सेटीनचा अंश तर आठवडे रेंगाळतो. म्हणजे दारू आणि औषध भेटायचे ते भेटतातच, वर उपचारात खंड पडतो तो वेगळा. व्हेन्लाफॅक्सीनसारखं औषध उलट भराभर उतरतं. ते चुकलं की चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं. रविवारी पेशंट त्याला हँगओव्हर समजतो आणि डोकं दुखतं म्हणून रिकाम्या पोटी आयब्युप्रोफेन घेतो. नैराश्याच्या अनेक गोळ्यांनी रक्त गोठण्याची क्रिया थोडी ढिली होते. त्यात वेदनाशामक आणि दारू आली, की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी शौच झाली तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

हे वाचून रोज पिणाऱ्या कोणी उद्यापासून एकदम बंद करू नये. थरथर, फिट, भ्रम यांतून जिवावर बेतू शकतं. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि घरच्यांनी चहातून गुपचूप डायसल्फिरॅम द्यायचं तर बिलकूल नाही. ती गोळी पोटात असताना त्याने दारू घेतली, तर उलट्या होऊन रक्तदाब कोसळू शकतो, आणि आपल्याला हे कशाने होतंय हे त्या माणसाला कळतही नाही.

डॉक्टरांचंही थोडं चुकतं. शेजारी वडील बसलेले, बाहेर रांग, आणि प्रश्न घाईत : "दारू वगैरे?" अशाने कोण खरं सांगेल? "आठवड्यात बिअर किती, वाइन किती?" असं सुटं विचारलं तर उत्तरं बदलतात. पेशंटनेही "यांना जरा बाहेर बसू द्या" असं म्हणायला हरकत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने त्याला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. मग सांगताना 'कधीतरी' नको. वार सांगा, माप सांगा : बुधवार आणि शनिवार, अर्धी बाटली. आणि मध्यरात्री, पिऊन किंवा न पिता, जगणं नकोसं वाटू लागलं तर सकाळची वाट पाहू नका : टेलिमानस, १४४१६, फुकट, मराठीतही.

(पुढच्या आठवड्यात : बरं वाटतंय, मग गोळी बंद करू का?)