मेल्यानंतर काय? ख्रिस्ती उत्तराविषयीचे पाच गैरसमज

कंधारच्या माणसाला मरणोत्तर जीवनाची दोन चित्रे लहानपणापासून ओळखीची असतात. भाद्रपदात पितरांना घास ठेवला जातो आणि घरात कुणी गेले की गरुडपुराण लावले जाते. हाजी सय्याह यांच्या दर्ग्याच्या या गावात कयामतीच्या दिवसाचा हिशेबही परका नाही. ख्रिस्ती माणूस मात्र शेजारी क्वचितच असतो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती १ टक्क्याहून कमी, त्यातही मोठा भाग मुंबई-वसईकडचा. नांदेड-लातुरात त्यांची वस्ती आणखी विरळ. त्यामुळे त्यांचे मृत्यूविषयीचे मत आपल्यापर्यंत येते ते सिनेमातून आणि ऐकीव गोष्टींतून: चांगला माणूस ढगांवरच्या स्वर्गात, वाईट माणूस कायमचा आगीत. या चित्रात मधला कणाच गळालेला आहे. तो कणा म्हणजे पुनरुत्थान. तो जागेवर ठेवला की ख्रिस्ती लोक कशावर एकमत आहेत आणि कशावर शतकानुशतके भांडत आले आहेत, हे नीट कळते.

गैरसमज १ : देह संपतो, अमर आत्मा स्वर्गात जातो, ख्रिस्ती श्रद्धा एवढीच.

वस्तुस्थिती : चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाणारे श्रद्धेचे प्राचीन अंगीकार उघडून पाहावेत. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत आकाराला आलेल्या अंगीकारात मृतांच्या पुनरुत्थानाची आशा स्पष्ट आहे. आत्म्याच्या अमरत्वाचे कलम त्यात नाही. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठला नाही आणि मग सारी श्रद्धाच फोल, इतक्या टोकाला तो जातो. देह पेरलेल्या दाण्यासारखा मातीत जातो आणि नव्या रूपात उठतो, असे तो मांडतो. गीतेने देहाला टाकून देण्याजोगे जुने वस्त्र मानले. पौलाच्या हिशेबात तोच देह पालटून परत मिळायचा आहे. पुनर्जन्माला इथे जागा नाही, कारण माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय, अशी बायबलची भूमिका आहे. यावर आक्षेप येईल की ख्रिस्ती लोक आत्म्याबद्दल तर सतत बोलतात. बोलतात, आणि बहुसंख्य ख्रिस्ती परंपरा मरणानंतर आत्मा टिकतो असेच मानतात. पण आत्म्याची ती अवस्था त्यांच्या दृष्टीने मधला मुक्काम असतो. शेवट पुनरुत्थान आणि न्यायाने होतो.

गैरसमज २ : पुनरुत्थान मानणाऱ्याला दहन चालत नाही.

वस्तुस्थिती : दफनाची चाल या श्रद्धेतून आली हे खरे. पण देव मातीत मिसळलेल्या देहाला उठवू शकतो तर राख झालेल्यालाही उठवू शकतो, हे उत्तर जुने आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली. अट एवढीच की दहनामागे पुनरुत्थानाचा नकार नसावा. २०१६ च्या सूचनेत दफनाला पसंती कायम ठेवून अस्थी विखरू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, असे सांगितले. म्हणजे चर्चचा कटाक्ष देहाच्या सन्मानावर आहे. अग्नीने देवाचे हात बांधले जातात असे ते मानत नाही.

गैरसमज ३ : मरण आणि न्यायाचा दिवस यांमधल्या काळाबद्दल सर्व ख्रिस्ती एकच सांगतात.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातच तीन उत्तरे सापडतात. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मरताक्षणी प्रत्येकाचा न्याय होतो. देवाच्या कृपेत मेलेल्या पण पूर्ण शुद्ध न झालेल्या माणसाला शुद्धीकरणाच्या अवस्थेतून जावे लागते आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. म्हणूनच २ नोव्हेंबरला वसई-मुंबईकडच्या दफनभूमीत कबरींवर फुले आणि मेणबत्त्या दिसतात, मृतांसाठी मिस्सा हा उपासनाविधी होतो. प्रॉटेस्टंटांनी हे शुद्धीकरण नाकारले. मराठवाड्यात ही दुसरी धारा आणणाऱ्यांत नारायण शेषाद्री ठळक. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या ब्राह्मण गृहस्थांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली. ते ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे होते, त्याचा आधार असलेला सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर अंगीकार सांगतो की आत्मा मरत नाही आणि झोपतही नाही. नीतिमानांचा लगेच देवाकडे जातो, दुष्टांचा यातनेत. तिसरे उत्तर सेवेंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे. त्यांची स्पायसर ही शिक्षणसंस्था १९४२ पासून पुण्यात आहे. त्यांच्या मते मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत बेशुद्ध असतो, त्याला काहीच कळत नाही. आधाराला ते उपदेशकाच्या पुस्तकातले मृतांना काही ठाऊक नसल्याचे विधान आणि दानीएलाच्या पुस्तकातले धुळीत झोपलेल्यांचे जागे होणे दाखवतात. विरोधक लगेच येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराकडे बोट दाखवतात: येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन दिले होते. अ‍ॅडव्हेंटिस्ट म्हणतात, मूळ ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे नव्हती, म्हणून ‘आज’ हा शब्द सांगण्याला जोडायचा, पोहोचण्याला नाही. बहुतेक अभ्यासकांना हे वाचन ओढूनताणून केलेले वाटते. कुणाची बाजू घ्यावी हा वेगळा प्रश्न. पण तिन्ही पक्ष अखेरीस पुनरुत्थानावरच येऊन थांबतात.

गैरसमज ४ : दुष्टांना अनंतकाळ आगीत जाळणे ही एकमेव ख्रिस्ती शिकवण.

वस्तुस्थिती : बहुमताची शिकवण ती आहे, एकमेव नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शिक्षा आणि जीवन या दोहोंना सार्वकालिक म्हटले आहे. एक अनंत असेल तर दुसरीही असलीच पाहिजे, हा या पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. पण आजची कॅथलिक शिकवणही नरकाची मुख्य यातना देवापासूनच्या कायमच्या दुराव्यात पाहते. दुसरा पक्ष म्हणतो, दुष्ट अखेरीस नष्ट होतात. देव देह आणि आत्मा दोघांचाही नरकात नाश करू शकतो, असे मत्तयातच येशू सांगतो. पौल पापाचे वेतन मरण ठरवतो. अमरत्व केवळ देवापाशी असल्याचे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. मग अमरत्व हे देणे ठरते आणि ज्याने ते नाकारले तो उरतच नाही. अ‍ॅडव्हेंटिस्ट हेच मानतात. इंग्लंडमधले मान्यवर इव्हँजेलिकल धर्मगुरू जॉन स्टॉट यांनी १९८८ मध्ये या मताकडे कल दाखवला तेव्हा त्यांच्याच गोटात खळबळ उडाली. तिसरा, सर्वांत लहान पक्ष शेवटी सर्वांचा उद्धार होईल अशी आशा धरतो. चौथ्या शतकातले निस्साचे ग्रेगरी या विचाराचे होते आणि तरीही संत गणले गेले. याच विचाराचे प्राचीन धर्मपंडित ओरिजेन यांच्या नावाशी जोडलेल्या मतांचा मात्र सहाव्या शतकात निषेध झाला. इथे मराठी वाचकाचा आक्षेप रास्त असतो: गरुडपुराणातला नरकसुद्धा भोग संपला की सुटतो, मग साठ-सत्तर वर्षांच्या पापाला अंतहीन शिक्षा हा कोणता न्याय? परंपरेचे उत्तर असे की नरकाचे दार माणूस स्वतःच्या नकाराने आतून लावून घेतो. या उत्तराने ज्यांचे समाधान झाले नाही, त्यांच्यामुळेच दुसरा आणि तिसरा पक्ष चर्चच्या आत टिकून राहिला.

गैरसमज ५ : बाप्तिस्मा नसलेला प्रत्येक जण नरकात, हे सर्व चर्च मानतात.

वस्तुस्थिती : काही कडवे गट असे सांगतात. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या आपल्या दस्तऐवजात म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळांविषयी २००७ मध्ये कॅथलिक धर्मशास्त्रीय आयोगाने आशेला आधार असल्याचे मांडले.

इतके मतभेद असतील तर ठाम असे काही उरते का, असे कुणी विचारील. उरते. मरण शेवट नाही, जे केले त्याचा जाब द्यावा लागेल, आणि उठणारा माणूस देहासकट उठेल, या तीन गोष्टींवर मुख्य प्रवाहातले ख्रिस्ती पंथ ठाम आहेत. त्या दिवसापर्यंत माणूस कोठे असतो आणि त्यानंतर दुष्टाचे नेमके काय होते, हे याच तीन सूत्रांवरून काढलेले निष्कर्ष आहेत, म्हणून ते पंथागणिक बदलतात. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ असे कुणी सांगू लागला तर आधी विचारावे, कोणत्या मंडळीचे? आणि तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो आहे की त्यावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल, हेही पाहावे. या दोन प्रश्नांनी निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.