रानपिंगळा : दिवसा वावरणारे घुबड

घुबड म्हणजे निशाचर, हे समीकरण रानपिंगळ्यास लागू पडत नाही. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ साली वर्णिलेला हा पक्षी १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षे अज्ञात राहिला. माइनर्ट्झहागेन यांची १९१४ सालची गुजरातमधील नोंद तर चोरलेल्या नमुन्यावर बेतलेली होती. तिने शोधकांची दिशाच चुकविली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सकाळच्या उजेडात, निष्पर्ण झाडावर बसलेला आढळला.

२०१४ मध्ये तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली आणि मुंबई-ठाणे परिसरातील महाविद्यालयांना एकदिवसीय अभ्याससहल शक्य झाली. साध्या पिंगळ्याचा माथा ठिपकेदार असतो, रानपिंगळ्याचा जवळजवळ बिनठिपक्यांचा. हा भेद विद्यार्थ्यांना निघण्यापूर्वीच समजावून द्यावा.

मात्र ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्यास बोलाविण्याची प्रथा, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वथा आक्षेपार्ह होय. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो प्रत्युत्तर देतो. विणीच्या काळात तेवढा वेळ भक्ष्य शोधण्यातून व पिलांच्या राखणीतून वजा होतो. घरट्यास जुन्या झाडाची ढोली लागते, आणि तोड झालेल्या सागवनात अशी झाडे आधीच विरळ आहेत.