सुट्टीतील धडे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न उभा राहतो: मुलाने क्लासला बसावे, दुकानात बसावे की मोकळ्या रानात भटकावे? जेन गुडॉल यांचे चरित्र या प्रश्नावर विचार करावयास लावते.

१९३४ साली लंडनमध्ये जन्मलेली जेन साडेचार वर्षांची असताना एका शेतावर राहावयास गेली. कोंबडी अंडे कशी घालते, हे पाहण्यासाठी ती खुराड्यात कित्येक तास निश्चल बसून राहिली. घरच्यांनी शोधाशोध केली, पोलिसांनाही कळविले. ती परतली तेव्हा आईने न रागावता तिची सारी हकीकत ऐकून घेतली.

पुढे १९६० साली जेन आफ्रिकेतील गोंबेच्या अरण्यात गेल्या. हाती पदवी नव्हती. प्रारंभी सोबतीला तीच आई होती. कित्येक महिने त्यांनी दुर्बिणीतून चिंपांझींचे निरीक्षण केले. चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढतो, हे त्यांनी पाहिले आणि केवळ मनुष्यच साधने वापरतो हा समज ढळला. खुराड्यातील धीरच येथे फळास आला.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना मला जाणवे की चोख हिशेब ठेवणारे पुष्कळ असतात. परंतु मालाची प्रत्यक्ष पारख आणि मंदीत थांबण्याचा धीर थोड्यांजवळच असतो. हे गुण वहीतून येत नाहीत.

म्हणून सुट्टीचे काही दिवस मुलांना शेतावर, टेकडीवर जाऊ द्यावे. ती परतल्यावर कपड्यांवरील मातीआधी त्यांच्या गोष्टीकडे लक्ष द्यावे.