बोलू नका, कागद पुढे सरकवा

टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. प्रत्येकापुढे एक मोठा कोरा कागद, हातात पेन. प्रश्न सगळ्यांना एकच दिलेला आहे. उदाहरणार्थ, वीज नसलेल्या गावात भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र कसं असावं? ठरलेली मिनिटं प्रत्येकानं आपली कल्पना आपल्या कागदावर रेखाटायची. वेळ संपली की कागद शेजाऱ्याकडे. शेजाऱ्यानं त्या चित्रात भर घालायची, एखादा भाग बदलायचा, नको वाटेल तो काढायचा. पण सगळंच खोडून नव्यानं सुरुवात करायची परवानगी त्याला नाही. पुन्हा वेळ संपते, कागद पुढे जातो. असं करत प्रत्येक कागद पाचही जणांच्या हाताखालून जातो आणि शेवटी टेबलावर पाच डिझाइन तयार असतात. त्यांतलं कुठलंच एकट्याचं नसतं. सगळ्यात कडक नियम असा, की या वेळात कुणी एक शब्दही बोलायचा नाही.

या पद्धतीचं नाव ‘कोलॅबोरेटिव्ह स्केचिंग’, थोडक्यात सी-स्केच. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत यांत्रिक अभियांत्रिकी शिकवणारे जामी शाह आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९९०च्या दशकात घडवली आणि २००१ साली तिच्यावर सविस्तर शोधनिबंध लिहिला. खेळ म्हणून कागद फिरवणं त्याहून जुनं आहे. १९२५ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ आणि त्यांचे अतिवास्तववादी मित्र कागदाला घड्या घालून एकाच माणसाचं डोकं, धड, पाय वेगवेगळ्या हातांनी काढत. तिथे आधीच्यानं काय काढलंय ते झाकलेलं असे, आणि गंमत त्यातच होती. शाह यांच्या टेबलावर सगळं उघडं असतं. त्यांना यंत्र हवं होतं आणि कागद फिरवल्यानं ते खरंच जास्त चांगलं सुचतं का, हे मोजायचं होतं.

पण न बोलण्याचा नियम कशाला? ऑफिसात नवीन काही सुचवायचं म्हटलं की आपण मीटिंग बोलावतो. फळ्यापाशी एक जण मार्कर घेऊन उभा राहतो, बाकीचे बोलतात. ही रीत रूढ करणारे गृहस्थ म्हणजे न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यवसायातले अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न. टीका करू नका, मनात येईल ते बोला, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली कल्पना रचा, अशी त्यांची सूत्रं होती आणि १९५३च्या त्यांच्या पुस्तकानंतर ब्रेनस्टॉर्मिंग जगभर पोचलं. पाचच वर्षांनी, १९५८ साली, येल विद्यापीठात डोनाल्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी तपासणी केली. चार जणांचे काही गट एकत्र बसवले. दुसरीकडे चार-चार जणांना वेगवेगळं बसवून एकेकट्यानं विचार करायला लावला आणि त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. कुणाची कल्पना दुसऱ्याशी जुळली तर ती एकदाच मोजली. एकएकटे बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या.

असं का व्हावं, याचा सर्वांत पटणारा खुलासा १९८७ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनहून आला. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रेबे यांनी माणसांना स्वतंत्र खोल्यांत बसवलं आणि समोर दिवे लावले. दुसरं कुणी बोलत असेल तर लाल दिवा लागायचा आणि आपण थांबायचं. बाकीच्यांचं बोलणं ऐकू येत नसतानाही केवळ या थांबण्यामुळे सुचणाऱ्या कल्पना लक्षणीय घटल्या. टीकेची भीती किंवा आळस यांच्यापेक्षा मोठा दोषी होता तो पाळी येण्याची वाट पाहणं. वाट पाहताना माणूस आपलं वाक्य लक्षात ठेवण्यात गुंततो, नवीन विचार थांबतो आणि बऱ्याचदा धरून ठेवलेलं वाक्यही निसटतं. आपल्याकडच्या मीटिंगांमध्ये याच्यावर आणखी एक थर असतो. साहेब आधी बोलतात आणि नंतरच्या सगळ्यांची कल्पना साहेबांच्या कल्पनेच्या आसपास फिरते.

हा अडसर दूर करण्याचा सरळ उपाय म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी काम करायचं. जर्मनीतच बेर्न्ड रोरबाख यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी ६-३-५ पद्धत मांडली होती: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद पुढे. अर्ध्या तासात १०८ कल्पना कागदावर येतात. मात्र रोरबाख यांच्या कागदावर असायचे ते शब्द. शाह यांनी शब्द काढून तिथे चित्र आणलं आणि पुढच्या माणसाला त्याच चित्रात हात घालायची मुभा दिली. दोन्ही पद्धतींची तुलना केली तेव्हा कल्पनांचा दर्जा, नावीन्य आणि वैविध्य यांत सी-स्केच सरस ठरली.

चित्रानं एवढा फरक का पडावा, हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

आपल्या शेंगांच्या यंत्राकडे जाऊ. समजा, पहिल्यानं शेजारी-शेजारी दोन गोल काढले. त्याच्या मनात ते लाकडी रूळ आहेत आणि शेंगा त्यांच्यामधून दाबल्या जाणार आहेत. खाली त्यानं एक वाकडी रेघ ओढली. दाणे पडायला सूप. कागद सरकला. दुसरीला सूप दिसलंच नाही. ती रेघ तिला वरच्या गोलाला समांतर अशी अर्धगोल जाळी वाटली. तिनं रेघेवर छोटी छोटी भोकं पाडली, एक रूळ खोडला आणि उरलेल्या रुळाला लांब दांडा जोडला. तिसऱ्यानं तो दांडा पाहिला आणि ‘अरे, हा पूर्ण फिरवायची गरजच नाही, पाळण्यासारखा मागेपुढे हलवला तरी पुरे’ असं मनातल्या मनात म्हणत दोन्ही दिशांना बाण काढले. आता शेंगा जाळीवर घासून फुटतात, दाणे भोकांतून खाली पडतात आणि त्यांच्याबरोबर टरफलंही येतात. म्हणून चौथी खाली हातानं फिरवायचा एक पंखा काढते, टरफल उडवायला. हा प्रसंग मी रचलेला आहे, पण ते कागदावरचं यंत्र खरं आहे. शेतकऱ्यांच्या घरी असलेली हातानं चालवायची शेंगा फोडणी यंत्रं याच तत्त्वावर चालतात: अर्धगोल जाळी आणि तिच्यावर मागेपुढे हलणारा दांडा.

या गोष्टीत कळीची घटना म्हणजे दुसरीचा गैरसमज. पहिल्यानं ‘खाली एक सूप ठेवू’ असं तोंडानं सांगितलं असतं, तर सूप सूपच राहिलं असतं. शब्द लगेच पक्का होतो. अर्धवट रेघ तशी नसते, ती दुसऱ्या अर्थाला जागा ठेवते. सी-स्केचमध्ये बोलायला मनाई आहे ती त्यामुळेच. ‘नाही, नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं’ असं सांगायची सोय ठेवली, तर जाळी जन्मालाच येणार नाही. शाह आणि मंडळींनी चुकीच्या वाचनाला या पद्धतीचा दोष मानलं नाही, तिच्या ताकदीचा एक भाग मानलं.

स्वतःचं चित्र स्वतःच पाहतानाही हेच घडतं. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतल्या गॅब्रिएला गोल्डश्मिट यांनी वास्तुरचनाकार कच्ची चित्रं काढत असताना त्यांच्या विचारांचा माग काढला आणि १९९१ साली दाखवून दिलं, की त्यांचा विचार दोन प्रकारच्या पाहण्यांमध्ये सतत ये-जा करतो. एकात रेघ ‘अशी दिसतेय’ असं वाटतं, दुसऱ्यात ‘म्हणजे मग हे असं होईल’ असा निष्कर्ष निघतो. मासाकी सुवा आणि बार्बरा ट्वेर्स्की यांनी १९९७ साली अनुभवी वास्तुरचनाकार आणि विद्यार्थी यांच्या स्केचिंगची तुलना केली. वर्षानुवर्षं काम केलेल्यांना आपल्याच रेघांमध्ये न काढलेलं बरंच काही वाचता येत होतं: इथून माणसं कशी जातील, उजेड कुठून येईल. रेखाटन म्हणजे डोक्यात तयार असलेलं कागदावर उतरवणं, अशी आपली समजूत असते. खरं तर बराचसा विचार कागदावरच होतो.

अमेरिकी तंत्रज्ञान-इतिहासकार युजीन फर्ग्युसन यांनी अभियंत्यांच्या चित्रांचे तीन प्रकार केले होते. एक विचार करण्यासाठी काढलेलं, दुसरं समोरच्याशी बोलता बोलता काढलेलं, तिसरं पक्का आराखडा काढणाऱ्या ड्राफ्ट्समनला सूचना म्हणून द्यायचं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या वर्षी पोरं मिनी ड्राफ्टर घेऊन जे शिकतात, ते जवळजवळ सगळं त्या तिसऱ्या प्रकारातून पुढे तयार होणारं पक्कं चित्र असतं. रेघ वाकडी गेली की गुण कापले जातात. हे शिक्षण लागतंच. त्याशिवाय नट बोल्टात बसणार नाही. पण पहिल्या दोन प्रकारांना वेळापत्रकात जागाच नाही आणि ही मला गंभीर उणीव वाटते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलाला नीटनेटकं चित्र येतं, पण घाईघाईत कच्चं चित्र काढून ते दुसऱ्यापुढे ठेवायची मात्र लाज वाटते.

कागद फिरवण्यात धोकेही आहेत. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा कॉफीचा कप बनवायला सांगितलं. काहींना आधी एक नमुना दाखवला. त्यात नळी होती. नळी वापरू नका, असं सूचनेत स्पष्ट लिहिलेलं होतं. तरीही नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत नळ्या यायच्या थांबल्या नाहीत. एकदा डोळ्यापुढून गेलेलं चित्र हाताला सोडत नाही. म्हणजे पहिल्याच कागदावर एखादी ठाशीव, पक्की कल्पना आली तर पुढचे चारही जण तिच्यामागे जाऊ शकतात. सी-स्केचमध्ये पाच कागद एकाच वेळी सुरू होतात आणि पहिल्या फेरीत कुणीच कुणाचं काही पाहिलेलं नसतं, हे म्हणून फार महत्त्वाचं आहे. एकाच फळ्यावर सगळ्यांनी मिळून काढलं तर हे संरक्षण जातं.

आणि निव्वळ चित्रावर भिस्त ठेवावी का? ज्युली लिन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही गटांना फक्त शब्द दिले, काहींना फक्त चित्र, काहींना दोन्ही. काही गटांत कागद फिरवले, काहींत भिंतीवर लावून ठेवले. कागद फिरवायचे आणि चित्राशेजारी दोन-चार शब्दही लिहायचे, ही सरमिसळ कल्पनांच्या संख्येत उजवी ठरली. बाणाशेजारी ‘दाणे इकडे’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ होतं.

शांतता हाही कायमचा नियम समजू नये. कल्पना जन्माला घालताना गप्प बसणं फायद्याचं, पण त्यांतली एक निवडून पक्की करताना बोलावंच लागतं, आणि तेव्हा हात बोलतात. जॉन टँग यांनी १९८०च्या दशकात कागदाभोवती बसून काम करणाऱ्या छोट्या गटांचं व्हिडिओ चित्रण बारकाईनं तपासलं. कागदावर आणि कागदाभोवती होणाऱ्या हालचालींपैकी सुमारे एक तृतीयांश हातवारे होते: बोटानं दाखवणं, तळहातानं झाकण उघडल्याचा अभिनय करणं, दोन रेघांमधलं अंतर चिमटीत पकडून दाखवणं. यातलं काहीही कागदावर उमटत नाही. बैठकीनंतर फळ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी कुणालाच कळत नाही, तो त्यामुळेच. अर्थाचा मोठा भाग हातांत होता आणि हात घरी गेले.

दूरवरच्या माणसांना एकत्र रेखाटायला लावणाऱ्यांनी हे लवकर ओळखलं. जपानच्या एनटीटी कंपनीत हिरोशी इशी आणि मिनोरू कोबायाशी यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘क्लिअरबोर्ड’ बनवला. वेगवेगळ्या जागी असलेली दोन माणसं जणू एकाच काचेच्या दोन बाजूंना उभी राहून चित्र काढत आहेत, असा तो देखावा. समोरच्याचा हात दिसे, चेहरा दिसे, तो चित्राच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्याकडे पाहतोय हेही कळे. प्रतिमा आरशासारखी उलटवलेली असल्यानं अक्षरंही दोघांना सरळच वाचता येत. आजच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये एका खिडकीत चेहरा आणि दुसऱ्या खिडकीत चित्र असतं, मधले हात गायब. तीसहून अधिक वर्षांपूर्वीचा तो प्रयोग या बाबतीत आजच्यापेक्षा पुढे होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘पण मला चित्र काढता येत नाही’ हे वाक्य या विषयावर बोलताना हमखास ऐकू येतं. गोल, चौकोन, रेघ आणि बाण एवढं येत असेल तर पुरतं. किंबहुना फार देखण्या चित्रात हात घालायला पुढचा कचरतो. त्याला ते पूर्ण झालंय असं वाटतं. बिल बक्स्टन यांनी २००७च्या त्यांच्या पुस्तकात स्केचचे गुण सांगताना झटपट, स्वस्त, टाकून देता येण्याजोगं आणि संदिग्ध असे शब्द वापरले आहेत. कॉम्प्युटरवर काढलेल्या गुळगुळीत आराखड्यात नेमके हे गुण नसतात. म्हणून पहिल्या टप्प्याला कागदच बरा.

शाळेतल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनाची तयारी जवळ आली की वर्गातली दोन हुशार मुलं प्रकल्प सुचवतात आणि बाकीची रंग देतात. या वेळी पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येकाला एक पाठकोरा कागद आणि वेगळ्या रंगाचं पेन द्या, म्हणजे कोणती भर कुणाची ते कळेल. शाळेच्या टाकीतून वाया जाणारं पाणी, दप्तराचं ओझं, असा एखादा जवळचा प्रश्न द्या. पाच मिनिटांची एक फेरी, पाच फेऱ्या, पंचवीस मिनिटं. एका तासिकेत बसतं. बोलायला सक्त मनाई, चित्राशेजारी दोन-चार शब्द चालतील. उरलेल्या वेळात सगळे कागद भिंतीवर लावा आणि मग मुलांना मनसोक्त भांडू द्या. ज्या चित्रावरून प्रकल्प होईल, त्याच्या फलकावर पाचही मुलांची नावं लिहा.