अकरा महिन्यांची सिस्टर

सपाटीवर ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि तिथल्या कायम नर्सबाईंच्या जोडीला कंत्राटी नर्सबाई आली. लसीकरण, बाळंतपण, रजिस्टर, सगळे काम तेच. ऑर्डर मात्र ११ महिन्यांची! आम्ही कारकून माणसे, अकराचा आकडा बरोबर ओळखतो. मध्ये खंड दाखवला, की सेवा सलग धरत नाहीत. लेकीला नर्सिंगला घालणाऱ्या आईबापांनी हा कागद नीट वाचावा. सप्टेंबर २०२३ मध्ये तर शासनाने भरतीसाठी खासगी एजन्सी नेमल्या. मग आरक्षणाचे काय? ओरड झाली, ऑक्टोबरात निर्णय मागे घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये अभियानातले कंत्राटी कर्मचारी संपावर गेले. मुख्य मागणी, दहा वर्षे राबलेल्यांना कायम करा.